लग्न झालेलं नसताना लेबर रूममध्ये सोबत राहायचंय? बाळाच्या वडिलांसाठी कोल्हापुरातली तयारी, टप्प्याटप्प्यानं

लेबर रूमचं दार अर्धवट उघडतं आणि सिस्टर विचारतात, "बाळंतिणीसोबत कोण आहे?" पुढे होऊन "मी बाळाचा बाप आहे, माझा हक्क आहे" असं म्हणणाऱ्याची तिथंच अडवणूक होते. पुढचा प्रश्न येतो, "नवरा का?" मग घोटाळा होतो. कुणी खोटं बोलतं, कुणी भांडतं, कुणी मान खाली घालून पायरीवर जाऊन बसतं. आणि आत कळा सोसणाऱ्या बाईचा हात धरायला कुणीच नसतं.

हे टाळता येतं. त्यासाठी एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. बाळंतपणाच्या खोलीत हजर राहण्याचा स्वतंत्र कायदेशीर हक्क भारतात कुठल्याच पुरुषाला नाही, लग्नाच्या नवऱ्यालासुद्धा नाही. हक्क आहे तो बाळंतिणीचा. स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा, खासगीपणा जपण्याचा आणि आपली माहिती कुणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. तुम्ही आत जाणार ते तिच्या शब्दावर आणि दवाखान्याच्या परवानगीवर. म्हणून सगळी तयारी एकाच दिशेनं करायची: तिचा शब्द वेळेआधी कागदावर आणायचा आणि तो दवाखान्याच्या फाइलला लावून घ्यायचा.

टप्पा १: आधी या चार गोष्टी तपासा (सातवा महिना)

यातली एकही गोष्ट अडचणीची असेल तर पुढचे टप्पे तसेच लागू होत नाहीत. म्हणून सुरुवात इथूनच.

१. तिचं वय. ती १८ वर्षांपेक्षा लहान असेल तर पोक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं दवाखान्याला बंधनकारक आहे. तिची संमती होती, घरच्यांना माहीत होतं, यानं त्यात फरक पडत नाही. अशा वेळी आधी वकील गाठा. मात्र पोलिसांच्या भीतीनं तिला दवाखान्यात न्यायचं टाळू नका. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात रक्तदाब वाढण्याचा आणि अडण्याचा धोका जास्त असतो. घरी बाळंतपण करणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे.

२. तिचं आधीचं लग्न कागदावर अजून शिल्लक आहे का? घटस्फोट झालेला नसेल, किंवा होऊन २८० दिवस पुरे झालेले नसतील आणि तिनं पुन्हा लग्न केलेलं नसेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११६ नुसार बाळ त्या नवऱ्याचं धरलं जातं. इथं जन्मनोंदणीत तुमचं नाव घालायला जाणं म्हणजे मोठा वाद ओढवून घेणं. बाळंतपणाआधी वकिलाचा सल्ला घ्या.

३. तुम्ही दोघं लग्न करणारच आहात का? असाल तर ते बाळंतपणाआधी उरका. वैध लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल कायद्यानं औरस ठरतं, गर्भ आधी राहिला असला तरी. विशेष विवाह कायद्याखाली करायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते, आणि नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. आठव्या महिन्यात जागे झालात तर हिशेब जुळत नाही. लग्न करायचं नसेल तर तो तुमचा प्रश्न, पुढचं सगळं त्या गृहीतावर लिहिलं आहे.

४. तिला तुम्ही आत हवे आहात का? हे तिला एकटीला विचारा. तिची आई समोर असताना नको, तुमची आई समोर असताना तर नकोच. पुष्कळ बायकांना कळांच्या वेळी आई किंवा बहीण जवळ हवी असते आणि पुरुष बाहेर हवा असतो. ती नाही म्हणाली तर विषय तिथं संपला.

तपासणी: ती सज्ञान असेल, तर ती अविवाहित आहे एवढ्याच कारणावरून पोलिसांना कळवण्याची कायद्यात अट नाही. कुणी "पोलीस केस होईल" असं सांगितलं तर कुठल्या नियमाखाली, ते शांतपणे विचारा.

टप्पा २: दवाखाना निवडताना विचारायचे प्रश्न

कोल्हापुरात दवाखान्यागणिक रीत वेगळी आहे. एकानं परवानगी दिली म्हणून दुसरा देईल असं धरून चालू नका.

सरकारी दवाखान्यांचं आधी. दसरा चौकाजवळचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, महापालिकेची सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा ही रुग्णालयं, इचलकरंजीचं इंदिरा गांधी सामान्य रुग्णालय, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, अशा सगळ्या सरकारी ठिकाणांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यानुसार प्रत्येक बाळंतिणीसोबत एक सोबतीण राहू शकते. ती नात्यातली बाई असावी, तिनं स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं, तिला संसर्गजन्य आजार नसावा आणि तिचे कपडे स्वच्छ असावेत. जिथं लेबर रूममध्ये प्रत्येकीला आडोसा आणि खासगीपणा मिळतो, तिथं नवऱ्याला आत घेता येतं असंही त्याच सूचनांत आहे. शब्द "नवरा" असा आहे. लग्न न झालेल्या जोडीदाराचा त्यात उल्लेख नाही.

प्रत्यक्षात खोली एकच असेल, चार टेबलं ओळीनं असतील आणि मध्ये फक्त हिरवा पडदा असेल, तर पुरुषाला आत घेणं शक्य नसतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही खासगीपणा आहे. तिथं हुज्जत घालू नका. सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर आत जाणारी बाई आजच ठरवा: आई, बहीण, मावशी, वहिनी. स्वतःसाठी दुसरी जागा ठरवा: दाराबाहेर, फोन चालू ठेवून, कागद, रक्त आणि औषधं यांची सगळी धावपळ करायला. ही जागा कमी महत्त्वाची नाही. रात्री दोन वाजता रक्तपेढीचा फॉर्म आणि नमुन्याची बाटली घेऊन पळणारा माणूस जवळ असणं, यावर कधी कधी जीव अवलंबून असतो, आणि त्या कामाला कुणी लग्नाचा दाखला विचारत नाही.

खर्चाची भीती असेल तर हे लक्षात ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. नॉर्मल बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस जेवणही मिळतं. लग्न झालेलं असण्याची अट त्यात नाही.

आता खासगी दवाखाने. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांत छोटी प्रसूतिगृहं बरीच आहेत आणि त्यांतल्या काहींत बाळंतपणाची खोली स्वतंत्र असते. तिथं डॉक्टरांना भेटून हे प्रश्न विचारा, आणि ते तिनंच विचारावेत, तुम्ही शेजारी बसा:

१. कळांच्या काळात सोबत कोण राहू शकतं? प्रत्यक्ष बाळ बाहेर येताना?
२. ती व्यक्ती पुरुष असेल आणि आमचं लग्न झालेलं नसेल तर अडचण आहे का?
३. सिझेरियन झालं तर थिएटरमध्ये सोबत राहता येतं का?
४. तुम्ही नसाल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आणि सिस्टरना हे माहीत असेल याची सोय काय?

चौथा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. बाळंतपण बहुधा रात्री होतं, रविवारी होतं, पंचमीला होतं. ओपीडीत डॉक्टरांनी मान हलवलेली असते आणि रात्रीच्या सिस्टरना त्यातलं काहीही ठाऊक नसतं. म्हणून परवानगी केस पेपरवर लिहून घ्या. एक ओळ पुरते: "सोबती: अमुक, रुग्णाच्या इच्छेनुसार." खाली डॉक्टरांची सही.

सावधान: लग्नाबद्दल डॉक्टरांपासून लपवू नका. डॉक्टरांना वैद्यकीय गुप्तता पाळावी लागते. लपवलेली गोष्ट कळांच्या मध्यात, तिच्या घरच्यांसमोर उघडी पडली, तर त्याचा त्रास तिलाच होतो.

टप्पा ३: तिचं पत्र (३४ व्या आठवड्यापर्यंत)

लग्नाचा नवरा दवाखान्याच्या नजरेत आपोआप नातेवाईक असतो. तुम्ही कागदावर परके आहात. तिच्या परवानगीशिवाय तुम्हाला तिच्या तब्येतीचं काही सांगायला डॉक्टर बांधील नाहीत, उलट न सांगायला बांधील आहेत. हे अंतर एका पत्रानं भरून निघतं.

पत्र तिच्या हातचं असावं. टाइप केलं तरी सही तिची, प्रत्येक पानावर. मजकूर असा ठेवा:

"मी (पूर्ण नाव, वय, पत्ता) सज्ञान असून स्वखुशीने लिहून देते की, माझ्या बाळंतपणात, दाखल झाल्यापासून घरी सोडेपर्यंत, श्री. (पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल) यांना माझे सोबती म्हणून माझ्याजवळ राहू द्यावे. माझ्या व माझ्या बाळाच्या प्रकृतीची माहिती त्यांना द्यावी. माझे वैद्यकीय कागदपत्र मागणीनुसार त्यांना द्यावेत. बाळाला दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागल्यास बाळासोबत तेच जातील. मी बोलण्याच्या स्थितीत नसल्यास माझी इच्छा काय होती हे त्यांना विचारावे. उपचार व शस्त्रक्रियेची संमती मी स्वतः देईन. ही परवानगी मी केव्हाही तोंडी किंवा लेखी मागे घेऊ शकते."

खाली तिची सही, तारीख, तुमची सही आणि दोन साक्षीदार. एक साक्षीदार तिच्या बाजूचा असेल तर फार बरं. नोटरी केलीत तर वजन वाढतं, पण नोटरी नाही म्हणून पत्र निकामी होत नाही.

यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते सांगतो. कागदपत्रांची ओळ यासाठी की, वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णानं किंवा त्यानं अधिकृत केलेल्या सोबत्यानं मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि या ओळीमुळे तुम्ही "अधिकृत" होता. बाळाला हलवण्याची ओळ तर अजिबात वगळू नका. बाळ जन्मतःच रडलं नाही, श्वास धाप लागल्यासारखा चालला, तर पंधरा मिनिटांत त्याला नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात हलवतात. आईला त्या वेळी टाके घालणं चालू असतं. बाळासोबत रुग्णवाहिकेत कोण बसणार, तिथल्या काउंटरवर नाव कोण सांगणार, यावर दोन्हीकडचे नातेवाईक भांडत बसतात आणि वेळ जातो.

"मी बोलण्याच्या स्थितीत नसल्यास" या ओळीनं निर्णयाचा कायदेशीर अधिकार तुमच्याकडे येतो असं समजू नका. ती बेशुद्ध असेल आणि जिवाला धोका असेल तर डॉक्टर कुणाच्याही सहीवाचून तिचा जीव वाचवायला जे लागेल ते करू शकतात. ओळ आहे ती तिची इच्छा डॉक्टरांच्या कानावर जावी म्हणून.

प्रती तीन काढा: एक दवाखान्याच्या फाइलला, एक तिच्या पर्समध्ये, एक तुमच्या खिशात. मोबाईलमध्ये फोटो हवाच, पण फक्त त्यावर विसंबू नका. बॅटरी नेमकी त्याच रात्री उतरते.

टप्पा ४: दाखल होताना केस पेपर

केस पेपरवर एक रकाना असतो: "पती/वडिलांचे नाव". लोक सगळ्यांत जास्त चुकतात ते इथं. घाईत तुमचं नाव पती म्हणून लिहिलं जातं आणि त्या वेळी सोपं वाटतं. पण तोच कागद पुढं डिस्चार्ज कार्डावर उतरतो, तिथून जन्माच्या अहवालात जातो, आणि तुम्ही दोघांनी खोटी माहिती दिल्याची नोंद कायमची होते. चूक सुधारायला गेलात तर मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद करतात, आणि वडिलांच्या नावाचा वाद असेल तर कोर्टाची पायरी चढावी लागते.

योग्य रीत अशी. रकान्यात तिच्या वडिलांचं नाव लिहा. "सोबत आलेल्याचं नाव" किंवा "जबाबदार नातेवाईक" या ठिकाणी तुमचं नाव, आणि नात्यासमोर "जोडीदार" किंवा "सोबती (रुग्णाच्या पत्रानुसार)". आधारवर जसं आहे तसंच तिचं नाव लिहा, लाडाचं नाव नको.

संमतीपत्राचं काय? ते तिचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली प्रकरणात २००८ साली स्पष्ट सांगितलं की, रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिचीच हवी. तिच्या आईची सहीदेखील तिच्या जागी चालत नाही. म्हणून "नवऱ्याची सही आणा, नाहीतर सिझेरियन करणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते कायद्याला धरून नाही. शांतपणे म्हणा, "पेशंट शुद्धीवर आहे, सही तीच करेल. मी साक्षीदार म्हणून करतो." साक्षीदार म्हणून किंवा बिलाची जबाबदारी घेणारा म्हणून तुमची सही चालते. कुठल्या रकान्यात सही करताय ते मात्र वाचून करा.

तपासणी, दाखल झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात: पत्र फाइलला लागलं का? ड्यूटीवरच्या सिस्टरनी ते पाहिलं का? सिस्टरांच्या कामाची पाळी बदलते, साधारण सकाळी, दुपारी आणि रात्री. दर पाळीला नव्या सिस्टरना एकदा सौम्यपणे सांगा: "ताई, फाइलला पत्र लावलंय, मी पेशंटचा सोबती."

टप्पा ५: आत गेल्यावर

जाण्याआधी: आंघोळ, नखं कापलेली, धुतलेले कपडे. सर्दी, ताप, खोकला, अंगावर पुरळ असेल तर जाऊ नका, दुसरी व्यक्ती पाठवा. तंबाखू, मावा खाऊन जाऊ नका. कळांत बाईला वास सहन होत नाही, ओकारी येते. पोटात काहीतरी घालून जा. उपाशीपोटी उभे राहणारे भोवळ येऊन पडतात आणि मग सिस्टरना दोन पेशंट होतात. डोळ्यापुढं अंधारी आली तर भिंतीला टेकून लगेच खाली बसा.

आत दिलेला गाऊन, टोपी, मास्क आणि चप्पल घाला. जागा तिच्या डोक्याशी. पायाकडची बाजू डॉक्टर आणि सिस्टरांची. निळ्या किंवा हिरव्या निर्जंतुक कापडावर मांडलेल्या साहित्याला बोटही लावायचं नाही. लागलं तर सांगा, लपवू नका. ते बदलावं लागतं.

पहिलटकरणीला कळांचा जोर चांगला धरल्यावर, म्हणजे गर्भाशयाचं तोंड साधारण ५ सेंटिमीटर उघडल्यावर, पूर्ण १० होईपर्यंत १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. दुसऱ्या खेपेला १० तासांपर्यंत. या काळात करायचं काम साधं आहे, पण सलग करायचं आहे:

ती कुशीवर असताना तळहाताचा गाभा तिच्या माकडहाडाच्या वर, कमरेच्या सपाट भागावर ठेवा. कळ सुरू झाली की हात न हलवता दाब द्या, ती सांगेल तेवढा. कळ ओसरली की सोडा. चोळत बसू नका, चोळण्यानं कातडी हुळहुळते आणि ती वैतागते. कळ सुमारे मिनिटभर टिकते. तेवढा वेळ तुमचा श्वास मोठ्यानं आणि संथ ठेवा, ती आपोआप त्या लयीत येते. दोन कळांच्या मध्ये सिस्टरना विचारून पाण्याचे घोट द्या. लघवीला जायची आठवण करा, भरलेल्या मूत्राशयामुळे बाळ खाली सरकायला अडतं. पाठीवर उताणी पडून राहिली असेल तर कुशीवर वळायला मदत करा.

बोलणं कमी. "झालं, झालं, अजून थोडंच" हे दहा तास ऐकवू नका. तिचं नाव घ्या, हात द्या, गप्प राहा.

तोंड पूर्ण उघडल्यावर जोर कधी द्यायचा ते सिस्टर सांगतील. तुम्ही वेगळं ओरडू नका. दोन आवाज झाले की तिला काही कळत नाही.

सावधान: "बाहेर जा" हा शब्द ऐकला की बाहेर. कारण विचारायचं नाही, तिच्याकडं बघत रेंगाळायचं नाही. बाळाचे ठोके घसरले, नाळ खाली आली, रक्तस्राव वाढला, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा ठरला, तर प्रत्येक सेकंद मोलाचा असतो. काय झालं ते नंतर विचारता येतं. तिनं स्वतः "तू बाहेर जा" म्हटलं तरी तेच. तिची परवानगी मागे घेतली गेली, पत्र असलं तरी.

मोबाईल बंद. तिची आणि डॉक्टरांची परवानगी नसताना फोटो, व्हिडिओ नाही. एकाच खोलीत दुसरी बाळंतीण असेल तर परवानगी मिळाली तरी नाही.

आणखी एक. आत घेतलं नाही, कुणी टोचून बोललं, तरी आवाज चढवू नका, हात तर नाहीच. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांबद्दलच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. बाळ जन्मलं तेव्हा बाप पोलीस ठाण्यात, असं होऊ देऊ नका. तक्रार करायची तर ड्यूटी डॉक्टर, मग मेट्रन (मुख्य परिचारिका) किंवा वैद्यकीय अधीक्षक. खासगी दवाखान्यांना २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तिथं दाद लागली नाही तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या.

टप्पा ६: बाळ बाहेर आल्यावरचा पहिला तास

बाळ रडलं की ते आईच्या उघड्या छातीवर. नाळ १ ते ३ मिनिटांनी कापतात. वार साधारण अर्ध्या तासात पडते. पहिल्या तासात अंगावर पाजायला घेतलं जावं, ही आठवण तुम्ही करू शकता. तिच्या पोटावर हात ठेवून दाबणं, वार पडली का म्हणून डोकावणं, हे तुमचं काम नाही.

तुमचं काम बाळाच्या मनगटावरची किंवा पायातली पट्टी बघणं. त्यावर आईचं नाव, तारीख, वेळ, मुलगा की मुलगी हे लिहिलेलं असतं. स्पेलिंग आणि वेळ लगेच वाचून घ्या. चूक दिसली तर बाळ खोलीबाहेर जाण्याआधी बदलून घ्या. पट्टीवर तुमचं नाव नसतं आणि तसा आग्रहही धरू नका. बाळाची ओळख आईवरून ठेवतात, लग्न झालेल्यांचीही.

२४ तासांत बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब ची लस मिळाली का ते कार्डावर पाहा.

टप्पा ७: जन्माची नोंद (२१ दिवसांच्या आत)

दवाखान्यातला जन्म दवाखानाच निबंधकाला कळवतो, त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. शहरात महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, गावाकडे ग्रामपंचायत. अहवालाचा फॉर्म दवाखान्यात भरतात तेव्हाच तो मागून वाचा. नंतर दुरुस्त करण्यापेक्षा तिथं पाच मिनिटं घालवणं कितीतरी सोपं.

वडिलांच्या नावाचं असं:

१. दोघांची इच्छा असेल तर दोघांच्या सहीचं निवेदन द्या: "या बाळाचे आम्ही आई-वडील आहोत, वडील म्हणून अमुक यांचे नाव नोंदवावे." सोबत दोघांचे ओळखपत्र. कार्यालय प्रतिज्ञापत्र मागेल असं धरून दोघांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

२. तिला वडिलांचं नाव घालायचं नसेल तर ती एकटी प्रतिज्ञापत्र देऊन दाखला घेऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१५ मध्ये तसा आदेश दिला आहे. वडिलांचं नाव सांगितल्याशिवाय दाखला मिळणार नाही, असं तिला कुणी म्हणू शकत नाही.

३. फक्त तुमची इच्छा असेल आणि तिची नसेल, तर दवाखान्यात किंवा महापालिकेत खेटे घालून काही होत नाही. त्याची जागा कोर्ट.

बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क, आणि पुढं १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा आहे, म्हणून आईचं आणि वडिलांचं नाव आधारशी अक्षर न अक्षर जुळवा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. वडिलांचं नाव न घालता पुढं जायचं असेल तर दाखला घेताना कार्यालयाला तसं स्पष्ट सांगा.

टप्पा ८: दाखल्यावर नाव आल्यानं काय मिळतं, काय नाही

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ लागू होतो. त्याच्या कलम ६(ब) प्रमाणे लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई, तिच्यानंतर वडील. म्हणजे दाखल्यावर नाव असलं तरी बाळाला दवाखान्यातून परस्पर आपल्या घरी नेण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. डिस्चार्जच्या दिवशी आजी-आजोबांच्या सांगण्यावरून तसं करायला जाऊ नका. इतर धर्मांच्या कुटुंबांत नियम वेगळे आहेत, तिथं वकिलाला विचारा.

जबाबदारी मात्र पहिल्या दिवसापासून पुरी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार मूल औरस असो वा नसो, स्वतःचं भागवू न शकणाऱ्या मुलाचा खर्च वडिलांकडून मागता येतो. दाखल्यावर नाव नाही म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

तिच्याशी बिनसलं आणि बाळाला भेटू दिलं जात नसेल, तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली भेटीसाठी किंवा पालकत्वासाठी कोर्टात अर्ज करता येतो. पितृत्वच नाकारलं गेलं तर डीएनए तपासणीचा आदेश कोर्ट देऊ शकतं. बाळाचे केस किंवा थुंकी गुपचूप घेऊन खासगी प्रयोगशाळेत पाठवू नका. अर्जासोबत उपयोगी पडतं ते हे: तिच्या पत्राची प्रत, तुमचं नाव सोबती म्हणून असलेला केस पेपर, तुम्ही भरलेल्या बिलांच्या पावत्या, सोनोग्राफीच्या वेळी सोबत गेल्याच्या नोंदी. म्हणून दवाखान्यातून निघताना पावत्या एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून घ्या.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाळाच्या आईला तिथं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तुम्हाला उत्पन्नाच्या अटीत बसलात तर. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० लावा.